निरंक तालुक्यांचा नकाशा



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'बालकांच्या साथी आणि त्यांची आकडेवारी' असा छापला आहे. आकडेवारी म्हटलं की माणसं मनगटावरचं घड्याळ बघायला लागतात, म्हणून फार प्रस्तावना न करता मुद्द्याला हात घालतो. गोवराच्या रुग्णांचा तालुकावार नकाशा काढला की काही तालुके लालभडक दिसतात, काही फिकट आणि काही अगदी कोरे. लाल तालुक्यांकडे आपण बोट दाखवतो. तिथल्या अधिकाऱ्याला फोन जातात, वर्तमानपत्रात मथळे येतात. कोऱ्या तालुक्यांबद्दल कुणी काही विचारत नाही, कारण तिथे गोवर नाही असं सगळ्यांनी धरलेलं असतं. सार्वजनिक आरोग्याच्या नोकरीत केस पांढरे झाल्यावर माझं मत असं झालं आहे की पहिली गाडी पाठवायची ती त्या कोऱ्या तालुक्यात.

याचा पहिला मोठा धडा आपल्या देशाला देवीच्या रोगाने दिला. १९६७ साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी निर्मूलनाची मोहीम नेटाने हाती घेतली. त्या वर्षी जगातल्या सगळ्या देशांनी मिळून सुमारे १ लाख ३१ हजार रुग्ण कळवले होते. खरे रुग्ण एक ते दीड कोटी असावेत, असा हिशेब पुढे लागला. म्हणजे शंभरातला जेमतेम एक रुग्ण कागदावर चढत होता आणि उरलेले नव्याण्णव घराच्या अंधाऱ्या खोलीत, कडुनिंबाच्या डहाळीखाली बरे होत होते किंवा मरत होते.

ऑक्टोबर १९७३ मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये कर्मचाऱ्यांनी अहवालाची वाट न पाहता गावोगाव जाऊन शोध घ्यायचा, असं ठरलं. प्रत्येकाकडे एक कार्ड होतं, त्यावर देवी आलेल्या मुलाचा फोटो. ते कार्ड घेऊन कर्मचारी आठवडी बाजारात फिरले, चहाच्या टपरीवर बसले, शाळेत गेले. शाळेत मास्तरांना विचारण्यापेक्षा पोरांना विचारलेलं बरं, हे त्यांना लवकर कळलं. कुणाच्या घरात कोण अंथरुणावर आहे हे पोरांना बरोबर ठाऊक असतं आणि लपवावं असं त्यांना वाटत नाही. त्याआधी या दोन राज्यांतून आठवड्याला काही शे रुग्ण कळवले जात. या एका शोधात दहा हजारांच्या आसपास निघाले.

आता विचार करा, त्या शोधाच्या दिवसांत देवी वाढल्या होत्या का? रोग होता तेवढाच होता. पण कागदावर मात्र प्रलय आला. टीका झाली, मोहीम फसली असं म्हणणारेही निघाले. त्या बदनामीला न डगमगता शोध चालू राहिला आणि मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. एक बारकावा मला फार आवडतो. रुग्ण दाखवणाऱ्याला बक्षीस होतं. सुरुवातीला ५० रुपये, मग १००, आणि रोग जवळजवळ संपला तेव्हा तब्बल १,०००. रुग्ण कमी होत गेले तसा प्रत्येक रुग्णाचा भाव वाढवत नेला. सरकारी कारभारात बातमी आणणाऱ्याला पैसे देण्याची इतकी शहाणी पद्धत मी तरी दुसरी पाहिली नाही.

कारण एरवी उलटंच चालतं. तालुक्याच्या आढावा बैठकीचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. भिंतीवर प्रोजेक्टर, टेबलावर चहाचे कप आणि पारले जीचा पुडा. प्राथमिक आरोग्य केंद्रांची नावं एकेक करून वाचली जातात. "गोवर संशयित?" "निरंक." "पुढे." "निरंक." "पुढे." मग एका केंद्राचा तरुण मेडिकल ऑफिसर उभा राहतो, "सर, सात." सभागृहात माना वळतात. सात कसे? लसीकरण झालं नव्हतं का? आशाताई काय करत होत्या? सिस्टरला नोटीस काढा. पंधरा मिनिटं त्याची हजेरी घेतली जाते. बाकीचे चहा संपवतात. पुढच्या महिन्यात तोही 'निरंक' म्हणतो. मी अशा बैठकांना बसलो आहे. त्यातला कुणीही खोटं बोलत नसतो, हे लक्षात घ्या. जे दिसलं नाही ते कळवलं नाही, एवढंच. फक्त न दिसण्याची सवय अशाच बैठकांतून लागते.

आपल्याकडे या सवयीला इतिहासही आहे. १८९७ चा साथरोग कायदा जन्मला तो मुंबई इलाख्यातल्या प्लेगमुळे. त्या वर्षी पुण्यात ब्रिटिश प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाखाली गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडत्या घेतल्या तेव्हा लोक आजारी माणसं माळ्यावर आणि कोठीत लपवू लागले. रोग कळवणं म्हणजे घरावर धाड ओढवून घेणं, हे समीकरण तेव्हा पक्कं झालं. हा कायदा आपण सव्वाशे वर्षं वापरतो आहोत. त्याच्यामागची ती भीतीही आपल्याकडे वारशाने आली आहे असं मला वाटतं.

हे फक्त गरीब देशांत होतं असं मात्र समजू नका. इंग्लंडमध्ये १८८९ च्या कायद्याने साथरोग कळवणाऱ्या डॉक्टरला खासगी रुग्णामागे अडीच शिलिंग मिळत. गोवराची नोंद सबंध देशात कायमची बंधनकारक झाली १९४० साली. तिथे लस येण्यापूर्वीच्या काळाबद्दल एक सोपा हिशेब करता येतो. गोवर इतका संसर्गजन्य की एक रुग्ण बारा ते अठरा जणांना देऊ शकतो, त्यामुळे लस नसताना जवळपास प्रत्येक मुलाला तो कधी ना कधी व्हायचाच. मग वर्षाला जितकी मुलं जन्मली तितकेच गोवराचे रुग्ण, चार-सहा वर्षांच्या सरासरीने, निघायला हवेत. जन्मनोंदीचं रजिस्टर एका हातात आणि गोवराच्या नोंदी दुसऱ्या हातात घेतल्या की किती रुग्ण गळाले ते कळतं. १९८५ साली असा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवराच्या ४० ते ६० टक्केच केसेस कळवल्या जात होत्या. डांग्या खोकल्याच्या तर ५ ते २५ टक्के. अमेरिकेत १९६३ च्या लसीआधी वर्षाला सुमारे पाच लाख गोवर रुग्ण कळवले जात आणि खरे असत तीस ते चाळीस लाख. सरकारी दवाखाना, छापील फॉर्म, टपाल, फी, सगळं जागच्या जागी असून ही गत.

लस आल्यावर मात्र हा हिशेब मोडला. आता सगळ्यांनाच गोवर होत नाही, त्यामुळे किती व्हायला हवे होते हे जन्मसंख्येवरून सांगता येत नाही. मग एखाद्या तालुक्याचं शून्य खरं की खोटं, हे ठरवायचं कसं? याचं उत्तर पोलिओने दिलं.

पोलिओच्या मोहिमेत, १९९७ पासून, असं ठरलं की पोलिओ शोधायचाच नाही. पंधरा वर्षांखालच्या ज्या मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला असेल ते प्रत्येक मूल कळवायचं, कारण काहीही असो. गीयाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार असेल, मज्जारज्जूला सूज असेल, किंवा गावातल्या कुणीतरी ढुंगणावर चुकीच्या जागी इंजेक्शन टोचल्याने शीर दुखावली असेल. पोलिओ नसला तरी अशी मुलं लाखामागे वर्षाला एक-दोन तरी असतातच. म्हणून निकष ठेवला: पंधरा वर्षांखालच्या लाख मुलांमागे पोलिओ नसलेली लुळेपणाची एक तरी केस सापडलीच पाहिजे. भारताने तो दोनवर नेला. जो जिल्हा एवढ्याही केसेस दाखवत नाही तिथे मुलं धडधाकट आहेत असा निष्कर्ष काढायचा नाही. तिथे कुणी बघत नाही असा काढायचा.

प्रत्यक्षात हे काम कसं चाले ते सांगतो, कारण आकडा कुठून येतो हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मूल लुळं पडल्याची खबर आली की लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे, दोहोंत किमान चोवीस तासांचं अंतर. प्रत्येक नमुना अंगठ्याच्या पेराएवढा. डबीवर नाव, तारीख, वेळ. डबी बर्फाच्या पॅकमध्ये, पॅक व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, कॅरिअर एसटीच्या किंवा जीपच्या सीटखाली, आणि तीन दिवसांत प्रयोगशाळेत. आपल्याकडचे नमुने मुंबईला परळच्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्रात जात. वाटेत बर्फ वितळला तर नमुना बाद, आणि एवढ्या खटाटोपाचं पाणी. त्या मुलाच्या आईला दोनदा डबी द्यायची आणि कशासाठी ते समजावून सांगायचं, हे काम एखाद्या पाड्यावरच्या सिस्टरने केलेलं असतं. साठाव्या दिवशी कुणीतरी परत जाऊन मूल चालतं का ते पाहून यायचं.

२००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, त्यातले ६०२ उत्तर प्रदेशात आणि ११७ बिहारमध्ये. २०१० मध्ये ४२. जानेवारी २०११ मध्ये हावड्यात एक, आणि तो शेवटचा. या घसरणीवर जगाने विश्वास ठेवला, कारण त्याच काळात या दोन राज्यांत पोलिओ नसलेल्या लुळेपणाच्या केसेस लाखामागे वीसच्याही पुढे कळवल्या जात होत्या. निकष दोनचा, आणि हे वीस! २०१२ साली काही डॉक्टरांनी हा वाढता आकडा वारंवार दिलेल्या पोलिओ डोसांशी जोडला आणि बरीच खडाजंगी झाली. माझं मत विचाराल तर आकड्याचा मोठा भाग विस्फारलेल्या डोळ्यांचा होता. चार दिवस लंगडलेलं पोरही कळवलं जात होतं. पण ज्यांनी शंका काढली त्यांना मी झिडकारणार नाही. जास्त कळवलं की प्रश्न विचारले जाणारच, आणि त्यांची उत्तरं द्यावी लागणारच.

आता गोवर. इथे तीच युक्ती वापरली आहे. ताप आणि अंगावर पुरळ, एवढ्यावर मूल संशयित म्हणून नोंदवायचं. रक्ताचा नमुना पुरळ उठल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत घ्यायचा. तपासणीत गोवर नाही, रुबेलाही नाही असं निघालं तर ती केस 'बाद'. या बाद केसेस लोकसंख्येच्या लाखामागे वर्षाला किमान दोन असाव्यात, असा निकष आहे. तीन लाख वस्तीच्या तालुक्यात वर्षाला सहा, वीस लाखांच्या जिल्ह्यात चाळीस.

समजा, शेजारचे दोन तालुके आहेत, दोन्ही तीन लाखांचे. एकाने साठ संशयित मुलं कळवली, त्यातली दोघंच गोवराची निघाली. दुसऱ्याने चार कळवली, त्यातली तीन गोवराची. नेहमीच्या नजरेला दुसरा तालुका बरा वाटेल. पण पहिल्याच्या नावावर अठ्ठावन्न बाद केसेस आहेत, दुसऱ्याच्या नावावर एक. दुसऱ्या तालुक्यात ताप-पुरळ आलेलं मूल दवाखान्याच्या नजरेस पडतं ते फार आजारी झाल्यावरच. जी तीन सापडली ती वर आलेली टोकं आहेत, खाली किती असतील ते देव जाणे. आणि ज्या तालुक्याने संशयितही शून्य आणि बादही शून्य कळवले, तो माझ्या नकाशावरचा कोरा तालुका.

२०२२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत गोवंडीत लागोपाठ मुलं दगावली तेव्हा गोवराची साथ सगळ्यांच्या लक्षात आली. नोव्हेंबरमध्ये केंद्राचं पथक आलं, घरोघर सर्वेक्षण सुरू झालं, आणि एम पूर्व वॉर्डाचे आकडे रोज बातम्यांत झळकू लागले. मग भिवंडी, मालेगाव. केंद्राने रांची, अहमदाबाद आणि मलप्पुरमलाही पथकं पाठवली. कोविडच्या दोन वर्षांत लसीकरण मागे पडलं होतं, हे कारण खरंच आहे. पण गोवराने लागोपाठ मुलं दगावतात, याचा अर्थ त्याआधी कितीतरी मुलांच्या अंगावर पुरळ उठून गेलेलं असतं. त्या मुलांचे ताप गोवंडीतल्या बैंगनवाडीच्या गल्लीतल्या खासगी डॉक्टरांनी पाहिले असतील, औषध दिलं असेल, चिठ्ठीवर 'व्हायरल फीवर' लिहिलं असेल. तो डॉक्टर कळवत का नाही? त्याला विचारा. कळवलं की वॉर्ड ऑफिसमधून चार माणसं येतात, दवाखान्याच्या दारात उभी राहतात, पेशंट बिथरतात आणि पुढच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जातात. यात त्याला मिळतं काय?

गोवंडीला लाल रंग मिळाला, कारण मृत्यूंनंतर तिथे घरोघर पाहिलं गेलं. लाल रंगामागे खरी साथ होती, हेही तितकंच खरं. मलप्पुरममध्येसुद्धा गोवर होता, आणि केरळातल्या यंत्रणेला तो दिसला. जास्त आकडा म्हणजे नुसतं चांगलं निरीक्षण, असं म्हणून अंग काढून घेता येत नाही. रोग आणि नजर या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात मिसळलेल्या असतात. बाद केसेसचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय त्या वेगळ्या होत नाहीत.

आपल्या राज्यात याहून बिकट एक प्रकार आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बीडची ऊसतोड टोळी दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि उन्हाळा लागता लागता परतते. गोवराचा जोर असतो तो हिवाळा सरताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे गोवराचे महिने आणि फडावरच्या कोपीतले, म्हणजे झोपडीतले, महिने नेमके एकच. लसीचा नऊ महिन्यांचा डोस गावी ठरलेला असतो, पण मूल तेव्हा कोल्हापूर-सांगलीच्या फडात असतं. सोळाव्या महिन्यानंतरचा दुसरा डोसही तसाच हुकतो. फडावर ताप आला, पुरळ उठलं. मुकादमाला उचल फिटेपर्यंत कोयता थांबवून चालत नाही, आई पहाटे तीनला मोळ्या बांधायला जाते, मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर. ते मूल कुठल्या आशाताईच्या यादीत आहे? गावच्या यादीत आहे, पण गावात नाही. फडात आहे, पण फडाच्या यादीत नाही. दोन्ही तालुके निरंक. साखर कारखान्याच्या गट ऑफिसात टोळ्यांची हजेरी, कोयत्यांची संख्या, टनाचा हिशेब सगळं असतं. त्या यादीला मुलांच्या वयाचा एक रकाना जोडला तर हा प्रश्न निम्मा सुटेल असं माझं ठाम मत आहे.

नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि धडगावात दुर्गमता आडवी येते. काही पाड्यांपर्यंत नर्मदेच्या पाण्यातून बोटीनेच जावं लागतं. तिथे एखादा महिना शून्य आला तर त्यामागे रोग नसणं असेल किंवा बोट बंद असणं असेल. अहवालाच्या रकान्यात मात्र दोन्हींसाठी एकच खूण असते. आणि गोवराला 'आई आली' म्हणून घरातच ठेवायचं, फोडणी द्यायची नाही, डॉक्टरला दाखवायचं नाही, हे आदिवासी पाड्यापुरतं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी पुण्यातल्या एखाद्या मध्यमवर्गीय सोसायटीत विचारून पाहावं.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. डॉ. अभय बंग आणि अनेक स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांत बालमृत्यू स्वतः मोजले आणि सरकारी दप्तरातल्या नोंदींशी ताडून पाहिले. तफावत इतकी मोठी होती की राज्यभर खळबळ उडाली. सरकारने रागावण्याऐवजी बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली, याचं श्रेय द्यायलाच हवं. आकड्यावरून भांडण झालं की पुढच्या वर्षी मोजणी सुधारते. आकड्यावरून शिक्षा झाली की ती बिघडते.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने 'शून्य गोवर-रुबेला' निर्मूलन मोहीम सुरू केली. मुदत २०२६. दोन्ही डोस ९५ टक्क्यांच्या वर नेण्याचं ध्येय योग्यच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण मोहिमेच्या नावातच शून्य आलं की बैठकीत शून्यच मागितलं जाईल, ही माझी धास्ती आहे, आणि मागितलेलं शून्य आपली यंत्रणा हमखास देते. म्हणून जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीवर जे सभासद आहेत, त्यातले काही इथे बसलेले दिसतात, त्यांना सांगतो. पुढच्या बैठकीत गोवराचे रुग्ण किती, हे विचारूच नका. संशयित किती कळवले आणि त्यातले बाद किती, हे तालुक्यानिहाय विचारा. ज्या केंद्राचे बाद शून्य आहेत त्याच्या डॉक्टरला उभं करा. आणि सात सांगणाऱ्या त्या पोराला बसू द्या, त्याच्यापुढे चहा सरकवा.

गोवरमुक्तीचं प्रमाणपत्र बैठकीतल्या शून्यावर मिळत नाही. देशात रुजलेल्या गोवराचा प्रसार सलग छत्तीस महिने थांबला आहे हे पडताळणी समितीला दाखवावं लागतं. त्या कागदांसोबत बाद केसेसचा तक्ताही मागितला जातो, देशाचा एकूण आणि जिल्ह्यांचा वेगवेगळा. लाखामागे दोनचा निकष किमान ८० टक्के जिल्ह्यांनी गाठलेला असावा लागतो.